कूलरातला सांबार

आमच्या शेजारचा उस्मान मिस्त्री सकाळी उठला का स्क्रू पिळाचा हातभर लांब पेचकस घेते, त्याचं टोक वांग्याच्या डब्यात खुपसते, मुठीले कान लावते अन् डोळे मिटून बसते. दोन-दोन मिनिटं हालत नाही. मंग उठते अन् आत बायकोले आवाज देते, "वांगा सही है. मिरचीत खटखट हाये."

पयल्यांदा पाह्यलं तवा मले वाटलं, बुढा कामातून गेला.

मंग समजलं. नेरच्या बस स्टँडमागं त्याचं चाळीस वर्षं गॅरेज होतं. इंजनात कुठी बिघाड हाये ते मिस्त्री लोक असंच ऐकते, पेचकस इंजनाले अन् मूठ कानाले. रस्ता मोठा झाला, त्यात गॅरेज गेलं. दोन्ही पोरं नागपूरले. इंजन गेले, पेचकस राह्यला, कान राह्यला. मंग मानूस काय ऐकन? वांगे ऐकते.

माहं जास्त सांगाजोगं नाही. शाळा दुसरीपर्यंत. चार लेकरं झाले, दोन राह्यले. दुष्काळात दीड कोसावरून डोक्यावर पानी वाह्यलं. हे साऱ्याच बायांनी केलं, त्यात सांगाचं काय? तीन एकर वावर होतं, काळंभोर. विहीर होती. बैलाची बंडी रंगवून निळा रंग उरला, तं मालकानं तोच विहिरीच्या कठड्याले लावला. गाव हासलं. म्हने, विहिरीचं लगन हाये काय? मंग धरन आलं, वावर पान्यात गेलं. दोन वर्षानं मालक गेले. उन्हाळ्यात पानी उतरलं का विहिरीचं तोंड वर येते, असं पोरानं सांगतलं. मी काही पाहाले गेली नाही. पाहून काय करू?

पोरगा यष्टीत कंडक्टर, सून दवाखान्यात नर्स. नेरात दुसऱ्या माळ्यावर फ्लॅट घेतला अन् मले घेऊन आले. सून चांगली, गॅलरीत खुर्ची टाकून देल्ली, उशी देल्ली. मी भिंतीकडं तोंड करून बसत होती. खाली सिमिट, वर सिमिट. तीन महिने मी कोनाशी बोलली नाही. राग नव्हता. बोलाजोगं काही नव्हतं.

मिस्त्रीची गॅलरी अन् आमची गॅलरी, मधात एक लोखंडी जाळी. त्याची गॅलरी पाह्यली तं कोनाले वाटन इथी अपघात झाला. ऑईलचे डबे, ट्रॅक्टरचं टायर, बॅटरीची खोकी, फटफटीची पेट्रोल टाकी. टाकीच्या तोंडातून मिरची वर आलेली. पोराचं जुनं हेल्मेट उलटं टांगलेलं, त्यात पुदिना. एका कोपऱ्यात गंजका कूलर, त्यात त्याची बायको जुलेखाबी कांदे ठेवे. पान्याले तो 'ऑईल' म्हने, खताले 'सर्व्हिसिंग'. जुलेखाबी म्हने, "जिंदगीभर घर में काला तेल लाया, अब माती लाता. धोना मुझेच है."

एक दिवस मिस्त्रीनं वांग्याच्या रोपाले पेचकस लावला. चांगलं वीतभर रोप. त्यानं मान हालवली. "आवाज नाही देऊन राह्यलं," म्हने. "खोलून पाहा लागन." अन् माह्या डोळ्यासमोर त्यानं ते मुळासकट उपटलं, मुळ्या झटकल्या, उजेडात धरल्या, फुंकर मारली, अन् परत डब्यात खोसून देल्लं.

तीन महिन्यांनी माह्या तोंडून आवाज निघाला तो असा, "ओ मिस्त्री! ते झाड हाये का खिळा? उपटला अन् परत ठोकला!"

आत सुनेच्या हातातलं ताट पडलं. धावत आली. "आई, तुम्ही बोलल्या?"

"बोलू नाही तं काय करू? तो मानूस जीव घेऊन राह्यला तिकडं."

मिस्त्री जाळीपाशी आला. "बाई, बिना खोले कैसा समजेगा? चाळीस साल खोलूनच दुरुस्त केलं."

मी म्हटलं, "झाडाचं इंजन खोललं का बंद पडते. मंग चालू होत नाही."

"गॅरंटी?"

"गॅरंटी."

त्यानं हातातली माती लुंगीले पुसली. "मंग आजतक जितने मरे..."

"तुम्हीच मारले."

बुढा खाली बसला अन् डब्याकडं पाहून म्हने, "सॉरी."

त्या दिवसापासून मले काम लागलं. पयलं काम म्हंजे मिस्त्रीच्या हातावर नजर ठेवनं. 'खोलून पाहा लागन' हे त्याच्या जिभेवरच बसलेलं. टीव्ही खरखरला, खोलून पाहा लागन. चहा पांचट झाला, खोलून पाहा लागन. माह्या पोराचं पोट दुखे तं जाळीतून विचारे, "कंडक्टरले कोनी खोलून पाह्यलं का?" पोरानं भेवानं त्याच दिवशी गोळी खाल्ली.

मी खुर्ची भिंतीकडून जाळीकडं फिरवली. त्यानं डब्याले बुडातून इतके भोकं पाडले होते का पानी चाळनीतून गेल्यावानी जाये. मी म्हटलं, तीन पुरे, अन् वरतून खापराचा तुकडा ठेवा. बॅटरीची खोकी मी सोड्यानं तीनदा धुवाले लावली. मेथी दाट पेरली तं विरळी कशी कराची ते दाखवलं. विरळीच्या दिवशी लय खूश होता, कारन उपटाची परवानगी होती. हिवाळ्यात पालक निघाला, आंबाडी निघाली, वांग्याची भाजी दोन्ही घरी झाली. मी जाळीतून हात घालून मातीत बोटं खुपसो, अन् कधी वावराची, विहिरीची गोष्ट सांगो. सून म्हने, आई, नखं पाहा. मी म्हटलं, पाह्यले. अशेच असते माहे नखं.

उन्हाळा लागला अन् भानगड झाली.

आमच्या बरोबर खाली, तळमजल्यावर राऊत मास्तर राह्यते. रिटायर झाले, पन अजून साऱ्या बिल्डिंगले वर्गात बसवते. बिल्डिंगचे सेक्रेटरी तेच. त्याहिच्या बायकोनं, सिंधूताईनं, अंगनात गव्हाच्या कुरोड्या वाळू घातल्या. पांढऱ्याशुभ्र, लुगडंभर. मिस्त्रीनं वरतून 'ऑईल' देल्लं. ट्रॅक्टरच्या टायरातून गढूळ पानी गळालं, अन् कुरोड्या साऱ्या चॉकलेटी.

मास्तरनं पार्किंगमधी मीटिंग बोलावली. "हे भंगार रविवारी खाली उतरलं पाह्यजे. गॅलरी हे गॅरेज नाही."

मिस्त्री म्हने, "मास्तर, लीकेज है. खोलून—"

"काही खोलाचं नाही! बिल्डिंगले याचा काय फायदा? चार वांगे?"

मिस्त्रीचं तोंड उतरलं. एक गॅरेज गेलं होतं, आता दुसरं चाललं. जुलेखाबीनं पदर ओठाले लावला. अन् मले माही खुर्ची दिसली, परत भिंतीकडं फिरवलेली. मी मीटिंगमधी कधी बोलली नव्हती. उभी राह्यली.

"मास्तर, तुमचा जावई रसाले कधी येते?"

आमच्याकडं आंब्याच्या दिवसात जावयाले रस-पोळीचं जेवन असते. न बोलावलं तं वर्षभर ऐकावं लागते.

"मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी. त्याचं इथी काय?"

"त्याले सांबारवडी आवडते, सिंधूताई म्हनत होत्या."

सांबार म्हंजे तुम्ही ज्याले कोथिंबीर म्हनता ते. त्याची वडी आमच्याकडं पाहुन्याले करते. पन मे महिन्यात नेरच्या बाजारात सांबार येते तो कसा? पिवळा, माना टाकलेला. चार काड्यांत वडी होत नाही.

मास्तर हासले. "तुमच्या त्या भंगारात मे महिन्यात सांबार उगवनार हाये काय? दोन जुड्या काहाडून दाखवा. दोनच. डबे राहू द्या मंग, मी एक शब्द बोलनार नाही. नाही निघाल्या, तं जावयाच्या आधी भंगारवाला येईन."

मिस्त्रीनं माह्याकडं पाह्यलं. मी म्हटलं, "कबूल."

जिना चढताना तो हळूच म्हने, "बाई, मे में सांबार होता क्या?"

"नाही होत," मी म्हटलं.

धने चपलेखाली रगडून दोन फाका केले, भिजवले, पेरले. आठ दिवसांनी हिरवे ठिपके दिसले. मिस्त्री पेचकस लावून म्हने, "पयला गिअर." बाराव्या दिवशी दुपारी झळ आली. अशी का जाळीले हात लागला तं चटका. संध्याकाळी पाह्यलं तं सारं तव्यावर भाजल्यावानी झालं होतं. दोन दिवस मिस्त्रीनं पेचकस हातात घेतला नाही. खालून मास्तर आवाज देत, "मिस्त्री, भंगारवाल्याले फोन करू काय?"

तिसऱ्या दिवशी जुलेखाबी त्याले जेवाले बोलवाले आली. "अंदर आके बैठो. हम कूलर के सामने बैठते, वो बिचारा बाहर जलता, तो मरेगा नहीं तो क्या!"

मिस्त्री उठला. कोपऱ्यातल्या गंजक्या कूलराकडं पाह्यलं. मंग माह्याकडं.

"बाई. सांबार कूलर में बैठेगा."

मले आधी समजलं नाही. मंग त्यानं सांगतलं, कूलराच्या फॅनची मोटर जळेल होती, पन पानी वर चढवाचा बारका पंप चालू होता. तीन बाजूनं गवताच्या ताट्या, त्यावरून पानी झिरपन, झळ त्यातून आत येईन तं गार होऊन येईन. मधात जाळी टाकून मातीची पेटी ठेवाची. वरचा पत्रा काहाडून हिरवी जाळी लावाची, म्हंजे उजेड येईन, ऊन नाही. अन् गळलेलं पानी सारं खालच्या टपातच पडन, कुरोडीवर थेंब नाही. मी ऐकून घेतलं. मनात म्हटलं, बुढा कामातून गेलेला नाही.

"आता खोलू का, बाई?" त्यानं विचारलं.

"आता खोला."

इतक्या महिन्यांत मी पयल्यांदा परवानगी देल्ली. दोन तासात त्यानं कूलर खोलला, घासला, कांदे जुलेखाबीच्या पलंगाखाली गेले, अन् पंप सुरू झाला. बुढ्यानं त्याले पेचकस लावला अन् त्याच्या तोंडावर जे हासू आलं ना, नवरदेवाले येत नाही तसं.

मी म्हटलं, "टायरातली माती चालनार नाही. थकली ते. ताजी गाळाची माती पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री गायब. सकाळी फटफटी काहाडली अन् गेला. दुपार झाली, पत्ता नाही. जुलेखाबी दहादा जाळीपाशी आली. चार वाजता आला तं तोंड तांब्यावानी लाल, ओठ फुटलेले, मागं दोन पोते बांधलेले. जिन्यातच बसला. जुलेखाबीनं तळपायाले कांदा चोळला, कैरीचं पन्हं पाजलं अन् संग शिव्या देल्ल्या. "इस उमर में धूप में कहाँ मरने गये थे?"

"दारव्हा गेलतो. ताट्या पाहाले."

"ताट्या कुठी हायेत?" मी विचारलं.

"महाग होत्या. रस्त्यानं माती भेटली."

त्यानं पेटी सोताच भरली. मले हात लावू देल्ला नाही. म्हने, तुम्ही फक्त पेरा. मी पेरलं.

मंग एक महिना साऱ्या बिल्डिंगचं लक्ष त्या कूलरावर. लोक लगनाले जाऊन आले तं आधी विचारत, सांबार कसा हाये? वरच्या माळ्यावरचे पोट्टे रोज येऊन पाहून जात. लाईन गेली का पंप बंद. तवा खालून सिंधूताई ओरडे, "मिस्त्रीभाऊ, पंप बंद पडला जी, लोट्यानं टाका!" कुरोड्या तिच्याच खराब झाल्या होत्या, पन जावईबी तिचाच होता. मास्तर तिच्याकडं डोळे वटारून पाहे. सिंधूताई तिकडं पाह्यतच नसे.

मिस्त्रीचे हात शिवशिवत. हात मागं बांधून कूलराभोवती फिरे.

"बाई, एक खोलू?"

"नोको."

"कोपऱ्यातलं. बारकं हाये."

"एकबी नोको."

"आवाज थोडा अलग येऊन राह्यला."

"तुमच्या कानात मळ असन."

जुलेखाबी आतून हासे. मी दुपारची झोप सोडली. खुर्ची जाळीले टेकवून राखन केली, जशी वावरात कनसं भरले का करत होती. तिथी पाखरं होते, इथी मिस्त्री होता.

मे महिन्याचा शेवटचा रविवार आला. सकाळी सात वाजता जिना भरला. मास्तर सोता वर आले, कडक इस्तरीचा सदरा घालून. जावई मागं, हातात मोबाईल, फोटो काहाडाले. मिस्त्रीनं नवी टोपी घातली होती. त्यानं वरची हिरवी जाळी उचलली.

वास पयले बाहेर आला. मे महिन्यात, नेरात, तो वास! तिसऱ्या माळ्यावरून कोनी तरी ओरडलं, "निघाला काय?" आत हिरवंगार, वीतभर, दाट. पान असं ताठ का जसं आताच आंघोळ करून उभं राह्यलं.

मिस्त्रीनं कैची माह्या हातात देल्ली. "पेरनेवाले का हक है."

मी कापत गेली. जुलेखाबी जुड्या बांधत गेली. एक. दोन. मास्तरनं मान हालवली. तीन. चार. जावई मोठ्यानं मोजाले लागला. पाच. सहा. सात जुड्या झाल्या अन् जुडी बांधाचा दोरा सरला, सांबार सरला नाही. पोट्ट्यांनी शिट्ट्या मारल्या. मिस्त्रीनं पेचकस तलवारीवानी वर धरला. मी आतापर्यंत लय पिकं काहाडले, कापूस काहाडला, तूर काहाडली. पन पीक पाहून कोनी शिट्टी मारली नव्हती.

सांबारवडी मी अन् सिंधूताईनं मिळून केली. जावयानं अकरा खाल्ल्या. बाराव्या वडीले मास्तर म्हने, "अहो, मले बी राहू द्या." आम्ही चौघंही त्या पंगतीत होतो, मी, मिस्त्री, जुलेखाबी अन् माही सून. पोराची ड्युटी होती, त्याले डबा ठेवला.

संध्याकाळी दार वाजलं. मास्तर एकटेच. हातात तडकलेली प्लॅस्टिकची बालटी, पाठीमागं लपवलेली.

"मिस्त्री, यात काही होईन काय?"

मिस्त्रीनं बालटी घेतली, उलटी केली, बोटानं वाजवली, कान लावला. मंग असं तोंड केलं का डाक्टर बी करत नाही.

"खोलून पाहा लागन," म्हने.

आता बिल्डिंगमधी दहा गॅलऱ्यांत डबे हायेत. सेक्रेटरीच्या अंगनात सगळ्यात जास्त.

खरं सांगाचं ते पुढं हाये. आठ-दहा दिवसांनी कूलरातली पेटी रिकामी झाली. मी म्हटलं, माती उलटवून घेऊ, परत पेरू. मिस्त्री पेटीसमोर येऊन उभा राह्यला.

"नोको, बाई. राहू द्या तशीच. चालू इंजन कायले खोलता?"

मिस्त्री अन् खोलू नोका म्हनते! मी त्याच्या तोंडाकडं पाह्यलं. तो हेल्मेटातल्या पुदिन्याकडं पाहून राह्यला होता.

मी म्हटलं, "खोलून पाहा लागन."

अन् पेटी उलटी केली.

माती मोकळी पडली, काळीभोर. तिच्यात बारके-बारके पांढरे शंख होते, पान्यातल्या गोगलगाईचे. वावरात ते नसते, धरनाच्या गाळात असते. बुडाले भोकांवर विटांचे तुकडे ठेवले होते, पानी निचराले. मी एक उचलला. पदरानं पुसला. एका बाजूनं निळा होता.

बंडीचा निळा.

मी तसाच हातात धरून बसली. जुलेखाबी दारात आली अन् तशीच परत गेली.

"दारव्ह्याले गेलते म्हने," मी म्हटलं.

मिस्त्री जाळीची खूप पाहनी करून राह्यला होता. "कंडक्टरले रस्ता विचारला होता. पानी उतरलं हाये. विहिरीचं तोंड वर हाये, अर्धा कठडा पडला. मजबूत काम होतं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"अन् सांबार नसता उगवला तं?" तो म्हने. "तुमचं वावर एक बार गया, वो बहुत हुआ."

मले रडू येत नाही. सवय नाही. मी निळा तुकडा परत पेटीच्या बुडाशी ठेवला, भोकावर, जसा होता तसा. माती भरली. धने चपलेखाली रगडले, पेरले, वरतून हातानं थोपटलं. मंग मिस्त्रीच्या हातातून पेचकस घेतला, टोक मातीत खुपसलं, मुठीले कान लावला अन् डोळे मिटले.

"क्या बोलता?" त्यानं विचारलं.

मी लय वेळ ऐकलं.

"आवाज सही हाये," म्हटलं.